रंग उशिरा, गळा आधी

भवानी पेठेतल्या रशीदाबीच्या अंगणात एक उथळ हौद आहे आणि त्यात बारा महिने बदकं असतात. अंडी ती कोंबडीखाली उबवून घेते. पिल्लं दोन महिन्यांची झाली की लोक पाळायला घेऊन जातात आणि नेताना सगळे एकच विचारतात : यातला नर कुठला, मादी कुठली?

त्या वयात नजरेला काही कळत नाही. सगळी पिल्लं मादी बदकासारखीच तपकिरी, ठिपक्यांची. नराची मान हिरवी व्हायला, शेपटीवरचं पीस वर वळायला चार महिने तरी जातात. रंग उशिरा सांगतो, गळा आधी, असं रशीदाबी म्हणायची. छातीखाली तळवा घालून ती पिल्लू उचलायची आणि कानाशी धरायची. पिल्लू चिडून ओरडायचं. मादीचा आवाज मोठा, खणखणीत. नराचा घसा बसल्यासारखा. तिचा शब्द कधी चुकला नव्हता.

लग्नानंतर बावीस वर्षं तिनं यंत्रमागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरल्या होत्या. तिथल्या खडखडाटात बायका एकमेकींचे ओठ वाचून बोलायच्या. काम सुटलं, पण खडखडाट कानात राहिला आणि त्याच्यामागं बाकीचे आवाज हळूहळू पुसट होत गेले. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. घरात ती ओठ वाचत राहिली. सून शाइस्ता कुकरच्या शिट्ट्या स्वतःच मोजायला लागली, सासूला काही विचारलं नाही. शाइस्तानं कधी एखादं पिल्लू उचललं, तर मात्र रशीदाबी ते तिच्या हातातून काढून घ्यायची. तुला त्यातलं काय कळतंय, म्हणायची.

वळसंगच्या बजाबाईनं नातीसाठी, आरोहीसाठी, सहा पिल्लं नेली तेव्हा रशीदाबीला एकाचाही आवाज धड ऐकू आला नव्हता. तिनं चोची वाचल्या. जी जास्त उघडली ती मादी. पाच माद्या, एक नर, असं सांगून तिनं पिल्लं दुरडीत ठेवली होती.

अडीच महिन्यांनी बजाबाई परत आली. तिच्या दुरडीत एकच बदक होतं. त्याच्या मानेवर पीस उरलं नव्हतं, पाठीवर खपल्या होत्या. शेततळ्यात नरांनी वरचेवर अंगावर चढून हिची ही गत केली होती, दुसरी मादी पाण्यात दाबून मारली होती आणि आरोही दोन दिवस जेवली नव्हती.

"चौघांच्या माना हिरव्या झाल्या की वो, रशीदाबी," बजाबाई म्हणाली. "चार जावई दिले तुमी मला, आन लेकी दोनच."

रशीदाबी हसली नाही. तिनं त्या उघड्या मानेवरून बोट फिरवलं. बदकानं अंग चोरलं.

बजाबाईला भांडायचं नव्हतं. ही हितंच राहू द्या, म्हणाली, आणि नातीसाठी एक मादी द्या. तेवढी नीट बघून.

हौदात दोन महिन्यांची सात पिल्लं होती. रशीदाबीनं एक उचललं, सवयीनं कानाशी धरलं. तळव्यावर त्याची छाती थरथरत होती. चोच उघडत होती, मिटत होती. बजाबाई तिच्या तोंडाकडं बघत होती.  मादी, एवढा एक शब्द पुरला असता.

तिनं पिल्लू कानापासून काढलं आणि दारातल्या सुनेपुढं धरलं.

"तू सुन," ती म्हणाली. "मेरेकू सुनने नै आरा."

शाइस्तानं ओढणीला हात पुसले. पिल्लू घेतलं, ऐकलं, मान हलवली. नर. दुसरंही नर. तिसरं तिच्या हातात आल्याबरोबर असं ओरडलं, की शेजारची बाई खिडकीत आली. शाइस्तानं सासूकडं वळून, ओठ सावकाश हलवत, मादी असं सांगितलं. म्हणजे सासूच्या कानांचं तिला आधीपासून ठाऊक होतं.

रशीदाबीनं ती मादी स्वतःच्या हातानं दुरडीत ठेवली, वर फडकं बांधलं. बजाबाईनं दुरडी कमरेवर घेतली. बाहेर पडताना ती थांबली आणि एकेक शब्द तोडून, मोठ्यानं म्हणाली, "येते की, रशीदाबी."

इतक्या वर्षांत ती कधी अशी बोलली नव्हती. ते मात्र रशीदाबीला स्वच्छ ऐकू आलं. शेजारची बाई अजून खिडकीतच होती.