आमचे वायरिंग निर्दोष आहे

गेल्या मंगळवारी सकाळी आदिलाबादेतील आमच्या घरात, आठवडाभरात पाचव्यांदा वीज गेली... गावाची नव्हे, फक्त आमच्या स्वयंपाकघराची. कॉइलच्या शेगडीवर पाणी नि दूध तापवायला ठेवले की थोड्या वेळाने एमसीबी, म्हणजे जास्त धारा गेली की वीज तोडणारा बोर्डावरचा खटका, खाली पडत असे.

माझी पत्नी सुमन हिचे निधन होऊन आठ महिने झाले. घरातील विजेची सारी कामे तीच पाहत असे. मी भौतिकशास्त्राचा पदवीधर असूनही चाळीस वर्षांत बोर्डाला हात लावला नाही, हे येथे प्रांजळपणे नमूद करतो.

तलमडुगूकडचे इलेक्ट्रिशियन गजानन आले. बोर्ड उघडून त्यांनी मान हलवली. "सर, वायरिंग जुनी झाली. सारी काढा लागते, भिंती फोडा लागते. तुमी काऊन जीव धोक्यात घालून राह्यले?"

ही वार्ता हैदराबादला मुलीपर्यंत पोहोचली. मेधा स्वतः अभियंता आहे आणि आईसारखीच ठाम आहे. "बाबा, आता पुरे झालं. रविवारी गाडी पाठवते. पाहुणे म्हणून नाही, कायमचं यायचं."

मी फोन ठेवून स्वयंपाकघरात उभा राहिलो. डब्यांची रांग सुमनने लावली होती तशीच होती... भिंती फुटणार, घराला कुलूप लागणार, आणि मी कुणाच्या तरी घरातील एका खोलीत राहणार.

मात्र एक गोष्ट बुद्धीला पटत नव्हती. दोष वायरिंगचा असता, तर मिक्सर किंवा इस्त्री लावल्यावरही एमसीबी पडायला हवा होता. तो पडत होता फक्त शेगडीने.

बुधवारी मी गजाननांना पुन्हा बोलावले आणि दोन मापे घेण्याची विनंती केली. शेगडी चालू असताना विभवांतर २२० व्होल्ट भरले. मग त्यांनी शेगडीच्या एका तारेभोवती क्लॅम्प मीटर लावला... विद्युतधारा ६.४ अँपिअर.

मी कॅलेंडरचे जुने पान उलटे करून बसलो. गजानन हसत म्हणाले, "गणितानं का वायर दुरुस्त होते, सर?" मी त्यांना बसायला सांगितले.

विभवांतराला धारेने भागले की रोध मिळतो. २२० भागिले ६.४, म्हणजे सुमारे ३४.४ ओहम. विभवांतर गुणिले धारा म्हणजे शक्ती... २२० गुणिले ६.४, म्हणजे १४०८ वॉट.

आणि शेगडीच्या तळाशी स्वच्छ लिहिले होते, २२० व्होल्ट, १००० वॉट! या शेगडीने साडेचार अँपिअर घ्यावेत, तिचा रोध ४८ ओहमच्या आसपास असावा. चौदा ओहम कुठे गेले? मी पान दोनदा तपासले. चूक नव्हती.

प्लग काढला, शेगडी थंड होऊ दिली आणि कॉइल खाचेतून उचलली. तिच्यात सात गाठी होत्या... कॉइल तुटली की सुमन जळका तुकडा मोडून टाकत असे आणि उरलेली टोके एकमेकांत आकड्यासारखी अडकवत असे. प्रत्येक गाठीगणिक तार आखूड झाली, रोध घटला, धारा वाढली. मी त्या शेगडीवरचा चहा पीत राहिलो आणि तिने एकदाही तक्रार केली नाही.

गजानन खाली वाकून पाहतच राहिले. "आमच्या घरीबी बाया असंच करतेत, सर. तुटली का जोडून देते. मले वाटलंच नाही का यानं एवढा फरक पडते."

मी त्यांना कारण सांगितले. शेगडीचे ६.४ अँपिअर सहाचा एमसीबी आजवर कसाबसा सोसत होता; गेल्या आठवड्यात मी फ्रिज स्वयंपाकघरात हलवला आणि त्याचा जवळपास एक मिळून मर्यादा ओलांडली गेली. एमसीबी आपले कर्तव्य बजावत होता... आणि आम्ही भिंती फोडायला निघालो होतो!

नवी कॉइल बसवली. मीटरवर ४.५ अँपिअर. रोध ४८.९ ओहम, शक्ती ९९० वॉट. मी मेधाला व्हिडिओ कॉल लावला, कॅलेंडरचे पान कॅमेऱ्यासमोर धरले आणि शेगडी तासभर चालू ठेवली. एमसीबी हलला नाही.

मेधाने आपल्या बाजूने सारे आकडे पुन्हा मांडून पाहिले. मग म्हणाली, "बाबा, तुम्हाला साधा बल्ब बदलता येत नाही... आणि हे?" आणि शेवटी, "बरं. गाडी नाही पाठवत."

त्या सात गाठींची कॉइल मी टाकली नाही. ती कुठे ठेवली, हे मात्र माझ्यापुरतेच राहू द्यावे.

रविवारी दुपारी गजाननांचा फोन आला. दुसऱ्या एका घरी गीझर लावला की एमसीबी पडत होता, आणि त्यांना भागाकार पुन्हा विचारून घ्यायचा होता. "सर, हैदराबादले गेले का घरीच हाय?"

"घरीच आहे," मी म्हणालो... आणि आठ महिन्यांत प्रथमच हे शब्द उच्चारताना माझा आवाज कापला नाही.