उचलत्या टपाची गाडी

मिस्त्रींच्या तोंडी कायम एक वाक्य असायचं, "एवढं करून आलो." काकूंनी चहाला हाक मारली की हे उत्तर, जेवायला बोलावलं तरी हेच. एकदा सख्ख्या मेव्हण्याच्या लग्नाला निघायचं होतं. काकू नवी साडी नेसून रिक्षात बसलेल्या, आणि मिस्त्री कुणाच्या तरी ट्रॉलीखाली आडवे. "एवढं करून आलो." काकू एकट्या जाऊन अक्षता टाकून, जेवून परत आल्या, तरी ते 'एवढं' व्हायचंच होतं.

नगरजवळ भिंगारमध्ये जुन्या बाजाराच्या मागे त्यांचं पत्र्याचं शेड होतं. टेम्पोची, पिकअपची बॉडी बांधायची, ट्रॉलीचे फाळके, म्हणजे उघडझाप होणारे पत्रे, करायचे, जीपला हूड चढवायचं. शेडला लागूनच दोन खोल्या, त्यात मिस्त्री आणि काकू. मूलबाळ नव्हतं. शेड बंद असलं की गिऱ्हाईक सरळ घराच्या दाराची कडी वाजवायचं. पहाट असो की सणाचा दिवस. "मिस्त्री हायत का?" इतक्या वर्षांत काकूंना या हाकेशिवाय जाग कधी आली नसेल.

मी शेवगावकडचा. नववीतून शाळा सोडली, वेल्डिंग शिकलो, पण कुठे टिकलो नाही. मला केलेल्या कामाची धास्ती वाटते. जोड दिला की तो सुटलेलाच डोळ्यांपुढे दिसतो, मग मी परत जाऊन बघतो. मालक लोकांना असला माणूस परवडत नाही. शेडवर काम मागायला आलो तेव्हा मिस्त्रींनी शिक्षण विचारलं, मी खाली बघून सांगितलं. मग विचारलं, "काम करून घरी गेल्यावर झोप लागती का?" खोटं बोलायचं ठरवून आलो होतो, जमलं नाही. "नाही लागत," म्हणालो.

"मग तू कामाचा. झोप लागनाऱ्यांनीच माझी गिऱ्हाइकं घालवली."

ज्या भीतीपायी सगळीकडून काढलं, तिच्याच जिवावर मला तिथे काम मिळालं. तेव्हापासून माझं नाव नववी. "नववी, पाना दे." "नववी, पत्रा धर." काकू रागवायच्या, "अहो, बाप्या माणूस हाय त्यो. त्याला नाव हाय की." मिस्त्री म्हणायचे, "मी चौथी. माझ्यापेक्षा शिकलेला म्हणून मानानं हाक मारतो."

त्यांची एक पद्धत होती. बॉडी पुरी झाली की ते एक बोल्ट मुद्दाम ढिला ठेवायचे. मालक गाडी न्यायला आला की नारळ फोडायच्या आधी त्याच्या हातात पाना द्यायचा. शेवटचा बोल्ट मालकानं आवळायचा. "झाली तुझी. आता काय वाजलं तर माझ्याकडं येऊ नको," असं बजावायचे. काही वाजलं की तो यायचाच, आणि मिस्त्री करूनही द्यायचे. पण पाना फिरेपर्यंत ती गाडी त्यांच्या डोक्यातून उतरायची नाही. चालत्या जेवणातून उठून ते फाळक्याला हात लावून यायचे.

एकदा नगरला रणगाड्यांचं संग्रहालय बघायला आलेलं एक परदेशी जोडपं, बिजागरी तुटली म्हणून शेडवर आलं. त्यांच्या पिकअपच्या हौद्यात एक बुटकी खोली बसवलेली होती. हँडल फिरवलं की तिचा टप वर उचलायचा, भोवतीचं कापड ताणलं जायचं आणि आत माणूस ताठ उभा राहील एवढी उंची व्हायची. पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, सगळं आत. मिस्त्री बिजागरीत गुंतले. काकू त्या बाईनं खुणावलं म्हणून आत गेल्या, पलंगावर बसल्या आणि बराच वेळ उतरल्याच नाहीत.

संध्याकाळी चहा देताना त्या म्हणाल्या, "आपल्याला असं एक करा."

"कुठं जायचंय तुला?"

"भंडारदऱ्याला. तिथं पावसाआधी काजवे येत्यात म्हनं, झाडंच्या झाडं पेटल्यावानी दिसत्यात." मग कपातला चहा हलवत म्हणाल्या, "आन सकाळी कडी वाजू नये. एक सकाळ तरी."

दुसऱ्याच आठवड्यात मिस्त्रींनी एक जुनी पिकअप आणून शेडच्या कोपऱ्यात लावली. गिऱ्हाइकांची कामं संपली की आम्ही दोघं त्या खोलीला लागायचो. चौकोनी पाइपचा सांगाडा, त्यावर पातळ पत्रा, टप वेगळा. चार कोपऱ्यांत कात्रीसारख्या दांड्या. टप खाली बसला की गाडी शेडच्या बुटक्या दारातून सहज जायची. मी म्हणालो, "पोलिसानं अडवलं तर?" मिस्त्री म्हणाले, "हौद्यात माल हाय म्हनायचं."

"आन माल म्हंजे मी," आतून काकू.

"मग? नाजूक माल."

उन्हाळा सरत आला तेव्हा गाडी उभी राहिली. टप उचलला, भोवती ताडपत्री शिवून लावली, काकूंनी पलंगावर गोधडी टाकली. निघायचं ठरलं, आणि आदल्या दिवशी मिस्त्री आत जाऊन बसले. बाहेर आले ते कपाळाला आठ्या घालून. "ताडपत्रीचा वास येतोय. आत अंधार बी हाय. हिला गुदमरंल." काकू म्हणाल्या, "मला काय होत न्हाई." पण तोवर मिस्त्रींनी ताडपत्री फाडायला घेतली होती. जुन्या बाजारातून मिलिटरीच्या तंबूचं कापड मिळवलं, त्याला जाळीच्या खिडक्या शिवल्या. मी मन लावून मदत केली, कारण मलाही तो वास खटकला होता. कापड चढलं तेव्हा बाहेर धो धो पाऊस. काजव्यांचे दिवस मोजकेच, पाऊस लागला की संपले.

"पुढच्या साली," मिस्त्री म्हणाले. मागच्या दाराचा एक बोल्ट त्यांनी ढिलाच ठेवला होता. काकूंचा पदर येता-जाता त्यात अडकायचा.

पुढच्या साली टप जड निघाला. म्हणजे आम्हाला जड नव्हता, काकूंना होता. "मी आजारी पडलो तिथं, तर हिला टप उचलता आला पायजे," असं त्यांनी काढलं. भंगारातल्या मोटारींच्या, डिक्कीचं झाकण वर धरणाऱ्या गॅसच्या दांड्या आणून जोडल्या. एक कोपरा पुढे उचलायचा, एक मागे राहायचा. सगळं उलगडून परत केलं. शेवटी टप असा हलका झाला की काकूंनी एका हातानं उचलला आणि हसल्या. तेव्हाही बाहेर पाऊसच होता.

एक सांगायला हवं. मिस्त्री आळशी नव्हते, चिक्कू नव्हते, बायकोच्या शब्दाला किंमत न देणारेही नव्हते. उलट त्या गाडीतली प्रत्येक दुरुस्ती काकूंसाठीच होती. त्यांच्या गुडघ्यांसाठी पायरी खाली आणली, उजवीकडे झोपायची सवय म्हणून पलंग फिरवला. गाडीत उणीव राहू नये या नादात दिवस हातचे जात होते, आणि ते आम्हा दोघांनाही दिसलं नाही. दोन धास्तावलेली माणसं एका कामाला लागली तर ते काम संपवणार कोण?

त्याच पावसाळ्यात मला मस्कतची नोकरी लागली, पोर्टा केबिन, म्हणजे उचलून नेता येणाऱ्या पत्र्याच्या खोल्या, बनवायच्या कारखान्यात. नोकरीच्या परीक्षेला मिस्त्रींनी शिकवलेला जोडच दिला होता. निघताना पाया पडलो. ते गाडीच्या आत काहीतरी मोजत होते. मान बाहेर काढून म्हणाले, "जा नववी. परत येशील तवा ही झालेली असंल." काकूंनी डबा दिला आणि म्हणाल्या, "त्यांना फोनवर आठवन देत जा रं, काजव्याची."

मी देत गेलो. पण मग फोनवर दुसरंच ऐकू यायला लागलं. काकूंना साखरेचा त्रास होता, तो डोळ्यांत उतरला. नगरच्या डॉक्टरांनी पडदा खराब झाल्याचं सांगितलं. इंजेक्शनं झाली. एकदा व्हिडिओ कॉलवर काकू माझ्याकडे बघून बोलत होत्या, पण नजर माझ्या बाजूनं जात होती. मिस्त्री मागे पिवळी जाड दोरी दाखवत होते. "गाडीच्या दारापासून पलंगापर्यंत बांधतोय. हाताला धरून चालंल ती. एवढं झालं की निघालोच." मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? त्या दिवशी मी एकाच केबिनच्या कडीला किती वेळा हात लावला असेल कोण जाणे.

पुढचं मला काकूंनीच फोनवर सांगितलं.

"हे भाजीला गेल्ते. मी चाचपत गाडीपाशी गेले. त्यो बोल्ट मला न दिसता बी सापडतो, किती पदर फाडले त्यानं. भिंतीवरचा पाना घेतला आन आवळला. हे आले, म्हनले, काय केलंस? म्हनलं, मालकानं आवळायचा असतो न्हवं? मग मी मालकीन. झाली माझी. आता निघा."

"मग काय म्हणाले?"

"काय म्हनत्यात? त्यांचाच नियम. पिशवी ठिवली आन किल्ली घेतली."

ते गेले. पावसाच्या आधी गेले. मी जरा भीतभीतच विचारलं, "काजवे?"

"हुते ना. ह्यांनी सांगितले मला. लई वाईट सांगत्यात बाबा. म्हने हितं एक, तितं दोन, त्या झाडावर लई. गाडीचा हिशेब देत असल्यावानी." त्या हसल्या. "पर सकाळी उन्हं अंगावर येस्तवर झोपले. कुनी कडी वाजवली न्हाई."

मग मिस्त्रींनी फोन घेतला. चालत असल्याचा आवाज आला, शेडचं दार वाजलं. बहुतेक काकूंना ऐकू जाऊ नये म्हणून बाहेर आले असावेत. गाडी कशी चालली, टप कसा उचलला, कापड वाऱ्याला कसं राहिलं, हे ते आधी सांगतील असं वाटलं होतं.

"नववी," ते म्हणाले, "ताडपत्री बरी हुती रं."

"वास येत होता, मिस्त्री."

"येऊ दे की. एका रातीचा तर वास. तवा तिला दिसत हुतं."

इकडे कारखान्याची शिट्टी झाली होती, माणसं केबिनांमधून वाट काढत मेसकडे निघाली होती. तिकडे लांबून काकूंची हाक आली, चहा निवतोय म्हणून.

मी नेहमीच्या वाक्याची वाट बघत राहिलो.

"आलो," मिस्त्री म्हणाले, आणि फोन बंद न करताच गेले.