वेदीचं कापड धुणारी मावशी

मावशीनं उभं आयुष्य गल्लीचे कपडे धुण्यात काढलं, आणि चर्चच्या वेदीवरचं कापडही तीच धुवायची. मग नवं सरकार आलं, चर्चला कुलूप लागलं, प्रार्थना करणाऱ्याला तुरुंग ठरला. तरी कुणाच्या तरी मागच्या खोलीत, दारं लावून, पवित्र भाकरी मोडली जायचीच. नंतर ते कापड चादरींच्या गठ्ठ्यात दडून मावशीच्या अंगणात यायचं.

अशाच एका प्रार्थनेत तिचा मुलगा पकडला गेला. ‘धर्म सोडला’ एवढं म्हणाला असता तर सुटला असता. पण पोरगा आईच्या वळणावर गेलेला, एकदा नाही म्हणाला की नाहीच. तेव्हापासून सुनेनं गुडघे टेकणं सोडलं.

“तुमच्या देवापायी माझा नवरा तुरुंगात गेला, आई. हे कापड आता घरात नको. उद्या तुम्हालाही नेलं तर या पोरीला घेऊन मी कुणाच्या तोंडाकडे बघू?”

सुनेचं काही चुकत नव्हतं, हेच तर मावशीचं दुखणं. आपल्यामागे या घरात प्रार्थना करणारं कुणी उरणार नाही, एवढीच आता तिला धास्ती होती.

एका सकाळी कापड बादलीत भिजत असतानाच झडती आली. एक शिपाई घरात शिरून ट्रंका उपसू लागला. दुसरा, मिशाळ, अंगणात मावशीच्या डोक्यावर येऊन उभा राहिला. मावशीनं चेहरा सांभाळला, पण हातांना कोण सांगणार? कापडात पवित्र भाकरीचा कण राहिला असेल, म्हणून त्याचं पहिलं पाणी गटारात जाऊ द्यायचं नाही, स्वच्छ मातीत ओतायचं, ही तिच्या आईपासूनची रीत. मोरी पायाशी होती. तरी तिनं बादली उचलली, अख्खं अंगण ओलांडलं आणि झाडाच्या बुंध्याशी पाणी ओतलं. ओतल्यावरच आपण काय केलं ते तिला कळलं.

“मोरी सोडून तिकडे का गं, म्हातारे?” मिशाळानं विचारलं. असल्या खुणा हुडकण्याचाच तो पगार घेत होता.



“विचारा, साहेब, विचारा!” सून दारातून कडाडली. “झाड वाळून चाललंय म्हणून मी घसा फोडतेय, आणि यांना जाग आली आज! सरका हो आई!” तिनं चादरींच्या पाण्याची बादली उचलून झाडाशी उपडी केली, मग दुसरी. चिखल शिपायाच्या बुटांवर उडाला. सासू-सुनेच्या भांडणात पडण्याचा पगार मात्र कुठलंच सरकार देत नाही. शिव्या हासडत दोघेही चालते झाले.

सून मटकन खाली बसली. मावशीनं तिचे हात घट्ट धरले, आणि तिला मनापासून लाज वाटली.

“चुकलं माझं, बाळ. हे कापड या घरात पुन्हा यायचं नाही. दुसऱ्या कुणाला तरी देते.”

सुनेनं हात सोडवून घेतले. ते कापड उचललं, दोन पदरी केलं आणि सावकाश पिळलं.

“नको, आई,” ती म्हणाली. “दुसरीला द्याल, आणि ती पहिलं पाणी मोरीत ओतेल.”