कोपर दाखवा

मी त्वचेची डॉक्टर आहे हे कळलं, की बडोद्यात लग्नाच्या जेवणातही माणसं एका हातात ताट धरून दुसऱ्या हातानं बाही वर करतात. असे प्रसंग इतके साठलेत, की मैत्रिणी भेटल्या की आधी किस्सेच मागतात.

*

माझा दवाखाना पाणीगेटला. एकदा वाघोडियाच्या कारखान्यातले शिंदे बायकोला घेऊन आले. शिंद्यांचे तळहात भेगाळलेले. मशीनच्या ऑइलची अ‍ॅलर्जी आहे, हे त्यांनी स्वतःच ठरवून टाकलेलं. मी कोपर दाखवा म्हटलं, मग कानामागे पाहिलं, मग नखं. ते वैतागले. "मॅडम, त्रास तळहाताला आहे."

पण कोपरांवर जाड, पांढरट खपल्यांचे चट्टे होते आणि नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे. हा सोरायसिस होता. औषध घ्या, कामावर हातमोजे घाला, नोकरी सोडायचं काही कारण नाही, असं मी समजावलं. बायकोनं सुटकेचा निःश्वास टाकला.

शिंद्यांचा चेहरा मात्र उतरला. "म्हणजे उद्यापासून परत ड्युटी?"

*

मांडवीतले एक कापडवाले शेठ बेंबीखालचा खाजरा चट्टा घेऊन आले. "बेन, दादर छे," म्हणाले. दादर म्हणजे आपलं गजकर्ण. मेडिकलमधून आणलेली ट्यूब लावून झाली होती, उपयोग शून्य. गजकर्णाची कड उठून दिसते, मध्ये कातडी निवळत जाते. यांचा चट्टा सगळीकडे सारखाच लाल होता, आणि बरोबर बेल्टचं बक्कल टेकतं तिथे. त्या धातूची अ‍ॅलर्जी! बेल्ट बदलायला सांगितला.

पुढच्या वेळी चट्टा गेलेला. जुन्या बेल्टचं काय केलं, विचारलं. न पटणाऱ्या मेव्हण्याला देऊन टाकला होता.

"त्यांना काही झालं नाही ना?"

"अजून तरी नाही," शेठ खिन्नपणे म्हणाले.

*

वंदना नावाच्या माझ्या एका पेशंटला सोरायसिस होता. सासूबाईंनी तिचं ताट, पेला, टॉवेल वेगळं काढलं होतं. कणीकही मळू देत नसत. हा स्पर्शानं पसरत नाही, असं मी त्यांना समोर बसवून सांगितलं, वंदनाच्या चट्ट्यावरून माझा हात फिरवून दाखवला. त्या "बरं" म्हणाल्या. घरी काही बदललं नाही.

काही महिन्यांनी वंदना सासूबाईंनाच घेऊन आली. अंगभर खाज, रात्री जास्त, बोटांच्या बेचक्यांत बारीक पुळ्या. ती खरूज होती. ही मात्र खरोखरच लागते, हे मला सांगावंच लागलं. कपडे, टॉवेल वेगळे ठेवा आणि घरातल्या सगळ्यांनी मानेपासून पायापर्यंत मलम लावा, म्हटलं.

सासूबाईंनी खाली मान घालून मलाच विचारलं, "हिला झालं तर?"

वंदनानं टेबलावरचं मलम उचलून पर्समध्ये टाकलं आणि त्यांचा हात धरून त्यांना उठवलं.

"चला आई. पाठीला तुमचा हात पोचायचा नाही, मी लावून देते."