बाय आणि बाई

१४ जानेवारी २०२४, रविवार. देवनागरीचा युनिकोडमध्ये समावेश होऊन तेव्हा बत्तीस वर्षे उलटली होती. तरीही देवरूखात टंकलेखनाची कामे घेणाऱ्या समीक्षा घागकडे निम्म्या फायली जुन्या फॉन्टातल्याच येत. निम्म्या, असे ती सांगते. मोजदाद कोणी केलेली नाही.

त्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते. युनिकोडसाठी ती उचलून अक्षरानंतर नेण्यासाठी समीक्षाने एक सूत्र रचले होते: वेलांटी आणि तिच्यापुढे येईल ते अक्षर, यांची अदलाबदल. जोडाक्षरांवर ते फसे, म्हणून दुसरे रचले. अशा तेवीस आज्ञा तिने एका मॅक्रोत ओवल्या होत्या. कळ दाबली की दिवसभराचे काम चहा निवायच्या आत उरके.

बुरोंडीच्या सगुणाने पेनड्राइव्हवर पाठवलेली फाईल अशीच होती. सगुणाचे वडील दादू, वय चौऱ्याऐंशी, यांनी पूर्वी समुद्रातल्या खडपांची, म्हणजे खडकांची, दोनशे चौदा नावे सांगून टंकून घेतली होती. ती सगळी ठाऊक असलेले गावात आता तेच एकटे. दुसरी प्रत कुठेच नव्हती.

या नावांची छापायची पुस्तिका प्रमाण भाषेत हवी, म्हणून समीक्षाने चोविसावी आज्ञा जोडली: बोलीतला ‘बाय’ दिसेल तिथे ‘बाई’. शब्द कुठे संपतो, हे सूत्राला सांगायचे राहिले. फाईल पेनड्राइव्हवर त्याच नावाने, मूळ फायलीवरच, जतनही झाली.

त्या रविवारी तिने दादूंना फोनवरून यादी वाचून दाखवायला घेतली. ‘बाईकोखडप’ येताच दादूंनी थांबवले.

“समिंदरात बाईक कोणी घातलान गो? थय माझी बायको रुसून बसायची.”

“बाबा, जरा गप ऐका,” मागून सगुणा म्हणाली.

“ऐकतोय म्हणून तर इचारतोय. बाय, माझी बायको दे परत.”

समीक्षा हसली, आणि हसता हसता तिने यादीत ‘बाई’ शोधला. ‘बाईको’ची पुन्हा ‘बायको’ करणे एका आज्ञेचे काम होते. पण सुटा ‘बाई’ सहा नावांत होता. त्यांतला मुळात ‘बाई’ कुठला आणि ‘बाय’ कुठला, हे आता कोणतेही सूत्र सांगू शकत नव्हते.

तिने चूक कबूल केली. मग सहाही नावे एकेक करून विचारली.

चार दादूंनी तिथल्या तिथे सांगितली. पाचव्याला ते म्हणाले, “बायचा. बाय म्हणजे माझी आई. ती थय खडपाला चिकटलेली कालवा काढी, खायाला.”

सहावा त्याच नावाचा, पण दक्षिणेकडचा.

“तो आठवत नाय, बाय,” दादू म्हणाले. “मीच सांगितलेला असणार. पण कोणाचा, ता गेला.”

छापील यादीत दोनशे तेरा नावे दादूंनी ऐकून मान्य केलेली आहेत. उरलेल्या एका नावापुढे समीक्षाने प्रश्नचिन्ह ठेवले. तो शब्द बाय होता की बाई, आणि ती स्त्री कोण, हे अद्याप अज्ञात आहे.