फुग्यामागची जीप

काही नोकऱ्यांत किस्से शोधावे लागतात. आमच्याकडे ते आपोआप येऊन पडायचे, बहुतेक कोणाच्या तरी शेतात. मी एका बियाणे कंपनीच्या जाहिरातीच्या हॉट एअर बलूनमागे जीप चालवायचो. वर आमचे पुण्याचे पायलट कॅप्टनसाहेब, टोपलीत प्रवासी, आणि खाली रस्ता शोधत मी. वारा म्हणेल तिथे उतरायचं. गावोगावी सगळे त्याला फुगाच म्हणायचे.

पाचोऱ्याजवळ एकदा वारा वाढला आणि टोपली थेट केळीच्या बागेत घुसली. बरीच झाडं आडवी. मालक आबा काठी घेऊन आले, साहेबांनी आधीच हात जोडले. आबांनी पडलेली केळी पाहिली, मग आभाळाकडे पाहिलं.

"वरथून मना बाग कसा दिसना?"

"फार छान," साहेब म्हणाले.

आबांनी पडलेला एक घड आमच्या जीपमध्ये ठेवायला लावला.

एकदा धुळ्याचे एक व्यापारी काळा सफारी घालून टोपलीत चढले होते. उतरताना टोपली आडवी झाली आणि फुग्याने तिला कपाशीतून फरपटत नेलं. साहेब बाहेर आले, मागून व्यापारी आले. सफारीचा रंग कळत नव्हता, केसांपासून बुटांपर्यंत कापूस. वेचणी करणाऱ्या अक्कांनी हात थांबवून बघितलं.

"इतला येचाले आमले दुपार व्हई जास," त्या म्हणाल्या आणि पुन्हा कामाला लागल्या.

साहेबांचा नियम एकच. ते सांगेपर्यंत कोणी उतरायचं नाही, कारण वजन कमी झालं की फुगा पुन्हा उचलला जातो. हे प्रवाशांना नीट समजावलेलं असायचं. आमच्या खानदेशात पाहुण्याला टॉवेल-टोपी आणि नारळ दिल्याशिवाय कोणी सोडत नाही, हे साहेबांना मात्र कोणी समजावलं नव्हतं. सोनगीरजवळ टोपली टेकते न टेकते तोच सरपंच नारळ घेऊन हजर. आमच्यातले सगळ्यात वजनदार प्रवासी, सत्काराला नाही कसं म्हणायचं, म्हणून उतरले. तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला. त्यांच्या डोक्यावर टोपी बसली तेव्हा बाकीची मंडळी झाडांच्या वर होती. उरलेले नारळ मी जीपमधून पुढच्या गावी नेले.

त्याच दिवसांत माझ्यासाठी मुली बघणं चालू होतं. दोन ठिकाणांहून नकार आला होता. कारण तेच, मुलगा बलूनवाला म्हणतात आणि बघावं तर जीपचा ड्रायव्हर. पारोळ्याची मुलगी मला मनापासून आवडली होती. तिचे वडील, नाना, माझं काम बघायला आले.

"म्हणजे तुम्ही उडावतस नहीं?" नानांचा चेहरा पडला.

माझी बाजू सावरायला साहेब नानांनाच वर घेऊन गेले.

थोड्या वेळात वारा सुटला. जीपमधून मला सगळं दिसत होतं. टोपली बांधावर आदळली, उसळली, पुन्हा आदळली, मक्याच्या रानात आडवी झाली आणि चाऱ्याच्या गंजीत जाऊन थांबली. मी धावत सुटलो. लग्न तर मोडलंच होतं, आता नाना तरी शाबूत मिळावेत एवढंच मागत होतो.

नाना चाऱ्यातून बाहेर आले. त्यांची टोपी मी शोधली, झटकून दिली. ती घालून ते बांधावर बसले, पाणी प्याले आणि बराच वेळ जीपकडे बघत राहिले.

"तुम्ही फुगामा कधीच बठतस नहीं?"

"नाही नाना. मला जीपच दिलीय," मी मान खाली घालून म्हणालो.

नानांनी खिशातून मोबाइल काढला, चालू आहे का बघितलं आणि घरी फोन लावला.

"हां. पोऱ्या चांगला शे. खालेच राहस."