टाकीवरचा ओरखडा

गाडी पडली तेव्हा ती चालतही नव्हती. कॉलेजचा पेपर देऊन मी लोणखेड्याहून ब्राह्मणपुरीला परत येत होते. समोरून उसाचा ट्रॅक्टर आला, म्हणून गाडी कडेला घेतली आणि पाय टेकला. पायाखाली जमीन नव्हती, पाटाची चारी होती. आप्पांची मोटरसायकल माझ्यासकट डावीकडे आडवी झाली.

आप्पा म्हणजे माझे वडील. दारात गाडी लावली, तेव्हा माझ्या कोपरातून रक्त येत होतं. ते खाली बसले, इंडिकेटरची फुटलेली काच बोटाने काढली, वाकलेला क्लच लिव्हर पाहिला, मोडलेला आरसा पाहिला. शेवटी पेट्रोलच्या टाकीवर हात फिरवला. तिथे पोचा आला होता आणि वीतभर ओरखडा.

"लागनं का व माय तुले?" आईने मला विचारलं.

"तिले काय व्हस?" आप्पा म्हणाले. "देख, टाकी देख."

रविवारी त्यांनी मला मागे बसवून शहाद्याला मेकॅनिककडे नेलं. आरसा, लिव्हर, इंडिकेटर नवे टाकले. मेकॅनिक म्हणाला, टाकी पेंटरकडे द्या, दोन दिवसांत कळणारही नाही.

"टाकी ऱ्हाऊ दे," आप्पा म्हणाले. "हिले रोज दिखाले पायजे."

मग तो ओरखडा घरातला एक माणूसच झाला. दूधवाला आला की आप्पा त्याला गाडीपाशी नेत. "मन्ही आंडेरनी कलाकारी शे." आंडेर म्हणजे लेक. भाऊबंद आले की तेच. मला बघायला पाहुणे आले, पोहे झाले, शिक्षण विचारून झालं. आप्पा उठले आणि म्हणाले, "चला, पोरीचं एक काम दाखवतो." सगळी मंडळी अंगणात गेली. मी आतून ऐकत होते. मुलगा सर्वांत मोठ्याने हसला. त्यांचा निरोप पुन्हा आला नाही, आणि तेही त्या ओरखड्याच्याच खात्यावर गेलं.

पुढच्या महिन्यात आप्पा लग्नाला सुरतेला गेले. तीन दिवस. मी गाडी काढली आणि थेट शहाद्यात पेंटरकडे गेले. पांढऱ्या दाढीचे, शांत गृहस्थ होते. सगळे त्यांना चाचा म्हणत.

"गाडी कोनी शे, बेटी?"

"वडीलस्नी."

"त्यास्ले इचारं का?"

"त्यास्नीच धाडं," मी म्हणाले.

त्यांनी टाकी उतरवली, पोचा भरला, पाणी लावलेल्या पॉलिश कागदाने घासून घासून सपाट केला. रंग जुळवायला त्यांनी सीट काढली. उन्हाने वरचा रंग उडतो, गाडीचा खरा रंग सीटखाली सापडतो, असं ते मला समजावत होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टाकी बसवून दिली. मी बोट फिरवून जागा शोधली. सापडली नाही. घरी येताना मी गात होते.

आप्पा आले. पिशवी खाली ठेवायच्या आधी त्यांना टाकी दिसली. त्यांनी गाडीला एक फेरी मारली, तळहात फिरवला. मला वाटलं, आता काहीतरी बरं बोलतील. त्यांनी खुंटीवरची किल्ली आणली, टोक टाकीवर टेकवलं आणि झाकणापासून खालपर्यंत सावकाश ओढत नेलं. तो आवाज मला अजून दातांत जाणवतो.

"आते बराबर शे," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मला पुन्हा मागे बसवलं आणि पेंटरच्या दुकानापुढे गाडी उभी केली. तिथे चार-पाच गिऱ्हाइकं होती.

"कोनी सांगं तुले मन्ही टाकीले हात लावाले?"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्हनी आंडेर बोलनी, तुम्हीच धाडं म्हने."

आप्पा वळले. "सांग. मी धाडं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या तोंडून निघालं, "मी नुसतं इचारं. टाकी त्यास्नीच काढी."

मी खोटं बोलते आहे हे चाचा एका शब्दात सांगू शकले असते. आप्पांनी त्यांना काय काय म्हटलं ते मी लिहीत नाही. माझ्या वडिलांहून ते दहा वर्षांनी तरी मोठे होते. त्यांनी फडक्याला हात पुसले आणि हळूच म्हणाले, "चूक व्हयनी."

"आसं नई. समदास्ना देखत, हात जोडीसन."

त्यांनी हात जोडले. बोटांना आमच्याच टाकीचा रंग होता.

परतताना आप्पांनी रसवंतीवर गाडी थांबवली. गाडी पडल्यापासून पहिल्यांदाच ते माझ्याशी नीट बोलले. "तू बरं सांगं," म्हणाले आणि माझ्यासाठी मोठा ग्लास मागवला. रस थंड होता, आलं-लिंबू घातलेला. मी तो सगळा प्यायले. मला आवडला, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

दोन वर्षांनी मला नंदुरबारला नोकरी लागली. रुजू होण्याआधी एका दुपारी मी एकटी त्या दुकानात गेले. चाचा एका मडगार्डवर वाकले होते. मी म्हणाले, "चाचा, ती टाकी... मी खोटं बोलनू व्हतू."

त्यांनी वर पाहिलं. ओळखलं, हे डोळ्यांत दिसलं.

"काम शे का काही?"

"नई. माफी मांगाले..."

"मंग मालकले धाड," ते म्हणाले. "बाईमाणूसनं काम मी घेत नई आते."

मी आणखी थोडा वेळ उभी राहिले. त्यांनी पुन्हा मान वर केली नाही. मागून एक बाई स्कूटर घेऊन आली, तिच्या गाडीचा पुढचा पत्रा घासला गेला होता. तिलाही त्यांनी तेच सांगितलं. ती मला विचारू लागली, असं का म्हणतात हे? मी म्हणाले, मला माहीत नाही.